गोल टेबलाचं घर

टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं ते अडकलंच. वरून ओढून पाहिलं, खालून रेटून पाहिलं, आडवं केलं, कलतं केलं. हलायला तयार नाही. सुतारकाम करणाऱ्या सुब्रमण्यम आसारीने खांद्यावरच्या पंच्याने घाम पुसला आणि आपल्या तमिळमध्ये चंद्रमतीला समजावून सांगितलं, की अम्मा, हा जिना माणसांसाठी बांधलाय. एका बाजूने टेबल थोडं कापतो, वर नेल्यावर तुकडा पुन्हा जोडून देतो. जोड भिंतीकडे केला की कुणाच्या लक्षातही येणार नाही.

चंद्रमती म्हणाली, या टेबलाला भिंतीकडची बाजूच नाही. ते खोलीच्या मधोमध राहणार आणि चारी अंगांनी माणसं बसणार. कापायचं नाही.

ती खाली उतरली, रस्त्यावर उभी राहिली आणि मान वर करून आपल्या गॅलरीकडे बराच वेळ पाहत राहिली. इमारतीचे मालक सूर्यनारायण फाटकाशी उभे होते. त्यांची रस्त्याच्या टोकाला भाताची गिरणी होती, आणि गिरणीकडे निघालेल्या गाड्या नुकत्याच समोर थांबल्या होत्या. चंद्रमतीने गाडीवानांना हाक मारली, त्यांच्याकडचे दोर मागितले, गॅलरीच्या कठड्याला जुन्या चादरींच्या घड्या बांधल्या. सूर्यनारायणांच्या डोळ्यांदेखत ते भलं मोठं काळं टेबल दोराला लोंबकळत, हळूहळू गिरक्या घेत वर गेलं. गिलाव्याला ओरखडासुद्धा आला नाही. रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा एरवी वॉर्डात कुणाला हसताना न दिसलेल्या सिस्टर चंद्रमतीने पदर तोंडाला लावला.

हे बासष्ट सालच्या जून महिन्यातलं. तंजावूरला मेडिकल कॉलेज येऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि त्या रस्त्यावर सिमेंटच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत राहणारी मराठी मंडळी संध्याकाळी फिरायला म्हणून त्या इमारती पाहायला यायची. वर राहायचं, खाली दुसऱ्याचं बिऱ्हाड, नळ स्वयंपाकघरात, फरशी गुळगुळीत ठिपक्यांची. याचं सगळ्यांना अप्रूप होतं. अशा इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या सरकारी दवाखान्यातल्या एका विधवा नर्सने एकटीने राहायला घ्याव्यात, याचं अप्रूप त्याहून जास्त होतं. त्यातून ती घर सजवू लागली तेही भलत्याच तऱ्हेचं.

इतर बिऱ्हाडांतून रेक्झिनचे सोफे आले, काचेची कपाटं आली. चंद्रमतीच्या घरी आलं ते हे गोल टेबल, त्याच्याभोवतीची बिनपाठीची बुटकी आसनं, आणि एक लांब लाकडी बाक, ज्याच्या हातांना ढगांसारखी वळणं होती. सुब्रमण्यमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वीणा कोरायचं काम. फणसाचं लाकूड त्याच्या हातातलं. पण टेबलाचे आत वळलेले पाय त्याने जन्मात पाहिले नव्हते. चंद्रमतीने जमिनीवर खडूने काढून दाखवले. लाखेत काजळी कालवून तिने स्वतः हात दिले, एक वाळला की घासायचा आणि दुसरा द्यायचा, ड्यूटीवरून आल्यावर रोज. शेवटी त्या काळ्या पाठीवर खिडकीचं प्रतिबिंब दिसायला लागलं. पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मध्ये तिने लाकडाची एक चौकट बसवून घेतली. तिच्यात दार नव्हतं, एक मोठं वर्तुळ होतं. पौर्णिमेच्या चंद्रातून चालत जावं तसं त्यातून आत जायचं. वर्तुळाच्या कडेला तिने तंजावूरच्या बाहुल्यांना देतात तो तांबडा रंग दिला. खिडक्यांना लव्हाळ्याच्या चटया सोडल्या. आणि बाहेरच्या दारावर, आंब्याच्या डहाळ्या लावतात त्या जागी, लाल कागदाची एक पट्टी लावली. तिच्यावर काळ्या शाईने चिनी अक्षरं होती.

तिचा थोरला भाऊ जयतीर्थ कलेक्टर कचेरीत होता. त्याने ते पाहिलं आणि विचारलं, "हें काय मांडलंस, चंद्रा?"

"घर मांडलं, अण्णा," ती म्हणाली.

जयतीर्थाला कारण ठाऊक होतं, आणि नव्हतंही. लग्न होऊन चंद्रमती नवऱ्याबरोबर मलायातल्या पिनांगला गेली तेव्हा ती सतरा-अठराची होती. व्यंकटरमण तिथल्या बंदरावर एका गोदामात कारकून. टान नावाच्या चिनी सुताराच्या दुकानावर त्यांनी खोली घेतली होती. एकेचाळीस सालच्या डिसेंबरात जपानी विमानांनी भर बाजारावर बॉम्ब टाकले आणि सामान आणायला गेलेला व्यंकटरमण परत आला नाही. बोटी बंद, टपाल बंद, ओळखीचे तमिळ लोक जीव घेऊन रबराच्या मळ्यांकडे पळालेले. चंद्रमती वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. तेव्हा टानची आई, जिला सगळे आमा म्हणत, काठी टेकत जिना चढून आली. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती. आमाने तिचा हात धरला, तिला खाली नेलं, आणि गोल टेबलाशी आपल्या शेजारी बसवलं.

लढाई संपेपर्यंत चंद्रमती त्या टेबलाशी जेवली. आमाने तिच्यासाठी वेगळं भांडं ठेवलं, त्यात मासळीचा चमचासुद्धा कधी बुडू दिला नाही. भात मिळेना झाला तेव्हा सगळ्यांनी टॅपिओकाचे कंद खाल्ले, तेही तिथेच. दिवसा ती टानच्या दुकानात टेबलांना हात देत बसे. नवरा मेलेली बाई म्हणून कुणी तिला उठ म्हणालं नाही, मागून बस म्हणालं नाही.

सेहेचाळीस साली ती तंजावूरला परत आली. भावाने तिला प्रेमाने घरात घेतलं. भावजय वेंकूबाईही स्वभावाने वाईट नव्हती. पण घराची रीत होती ती होती. आधी पुरुष, मग मुलं, मग वेंकूबाई, आणि सगळ्यांचं आवरल्यावर मागच्या पडवीत चंद्रमती. कुणी तिला टाकून बोललं नाही. फक्त पान तिथे मांडलं जाई. सहा महिने ती त्या पानावर बसली, आणि एक दिवस तिने भावाला सांगितलं, की मी तिरुच्चीला नर्सिंग शिकायला जाते. जयतीर्थाने नको म्हणून पाहिलं, वेंकूबाई रडली. चंद्रमती गेली, शिकली, आणि तंजावूरच्या दवाखान्यात पांढरं पातळ नेसून उभी राहिली. पुढची सगळी वर्षं नर्सांच्या क्वार्टर्समध्ये काढताना तिच्या मनात एकच होतं, आपलं एक घर असावं आणि त्यात तसं टेबल असावं.

टेबल आलं त्याच्या पुढच्या महिन्यात भावाचा मुलगा कल्याणराम रजेवर आला. बाविशीचा पोरगा, लष्करात बिनतारी संदेशाच्या कामावर. आत्याचं घर पाहून तो इतका खूश झाला की वर्तुळाकार चौकटीतून दहा वेळा आत-बाहेर करून आला. चंद्रमतीने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सांबार, भात, दह्यातली डांगर-पच्चडी, सगळं तिने टेबलाच्या मध्यावर मांडलं. जयतीर्थ बसला, कल्याण बसला. वेंकूबाई वाढायला उभी राहिली.

"वैनी, बसा," चंद्रमती म्हणाली.

वेंकूबाई म्हणाली, तुमचं होऊ द्या, मी मागून बसते. चंद्रमतीने हातातली पळी खाली ठेवली आणि सांगितलं, की तुम्ही बसल्याशिवाय इथे कुणाचं सुरू होणार नाही. भात निवायला लागला. शेवटी वेंकूबाई त्या बुटक्या आसनावर टेकली, अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, कुणी आलं तर चटकन उठता यावं अशी. लग्नानंतर नवऱ्याच्या समोर बसून ती प्रथमच जेवत होती. सबंध जेवणात तिने मान वर केली नाही, पण भात दोनदा घेतला.

कल्याण ऑगस्टमध्ये गेला. आसामच्याही पलीकडे, डोंगरात कुठेतरी नेमणूक झाली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी चीनची फौज डोंगर उतरून आली आणि तंजावूरच्या रस्त्यांवरचं बोलणं एका दिवसात पालटलं. शाळांच्या मिरवणुका निघाल्या. बायकांनी बांगड्या काढून दिल्या. थंडी म्हणजे काय ते ज्या गावाला ठाऊक नव्हतं, त्या गावातल्या बायका जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणायला बसल्या. घामाने लोकर सुयांना चिकटायची. दवाखान्यातल्या नर्सांनीही विणायचं ठरवलं. चंद्रमतीने दोन पाठी आणि एक बाही पुरी केली, त्याच गोल टेबलाशी बसून.

एका सकाळी ती रात्रपाळीहून परतली तर दाराला डांबर फासलेलं होतं. दार उघडंच होतं. कुणीतरी कडी उचकटून आत शिरलं होतं. तांबड्या वर्तुळावरही डांबराचे फराटे होते, एक आसन मोडलं होतं. लाल कागद उंच होता म्हणून वाचला, त्याला फक्त शिंतोडे लागले होते. खालच्या मजल्यावरची भामा, कॉलेजातल्या एका शिक्षकाची बायको, जिन्यात उभी होती. तिने आपण काही ऐकलं नाही असं सांगितलं आणि घाईने आत गेली.

चंद्रमती आत गेली. ती बाकावर बसली. आता उठून कुणाकडे जावं, असा विचार तिने केला, आणि तिच्या ध्यानात आलं की जायला दुसरी जागा नाही. ज्याला आपलं म्हणावं ते हेच. मग तिने पातळ बदललं, बाटलीभर रॉकेल आणि चिंध्या घेतल्या आणि दारापासून सुरुवात केली. डांबर निघालं, पण त्याबरोबर रंगही निघाला. दुपारी ती सुब्रमण्यमकडून तांबडा रंग घेऊन आली आणि दार सताड उघडं ठेवून, जिन्यावरून येणाराजाणारा पाहील अशा रीतीने, वर्तुळाला पुन्हा रंग देत बसली.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातला एक पोलीस येऊन कागदावर काय लिहिलंय ते विचारून गेला. तिने सांगितलं, त्याने टिपून घेतलं, कॉफी प्यायला, आणि काळजी घ्या म्हणाला. संध्याकाळी सूर्यनारायण आले. ते भले गृहस्थ होते, आणि घाबरलेले होते. लोक इमारतीला नावं ठेवतात, दगड पडले तर इतर भाडेकरू जातील. तुम्ही हे सामान काढून टाका, नाहीतर दुसरी जागा बघा, असं त्यांनी खाली पाहत सांगितलं.

चंद्रमतीने त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मग ती शांतपणे म्हणाली, की जागा तुमची आहे, जा म्हणालात तर जाईन. पण सामान आलं तसंच जाईल. गॅलरीतून, दोराने, दिवसाढवळ्या. मी खाली उभी राहीन, आणि जो विचारील त्याला सांगेन, की हे तंजावूरच्या आसारीने तंजावूरच्या फणसाचं केलेलं आहे, आणि हे का बाहेर काढलं तेही सांगेन. सूर्यनारायणांनी चष्मा काढून पुसला. महिनाअखेरीला बघू, असं म्हणून ते गेले.

त्यानंतर तार आली. कल्याणराम बेपत्ता.

ती बातमी चंद्रमतीला दवाखान्यात कळली. ड्यूटी सोडून ती भावाच्या घरी धावली. वेंकूबाई देवघरासमोर बसली होती. तिने चंद्रमतीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. जयतीर्थाने तिला बाहेर नेऊन सांगितलं, की आता नको, दोन दिवसांनी ये. पण दोन दिवसांनी तीच दोघं चंद्रमतीच्या घरी आली. वेंकूबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिचे केस विंचरलेले नव्हते.

"माझा लेक तिकडे बर्फांत आहे," ती म्हणाली. "आहे का नाहीं, तेंही मला ठाऊक नाहीं. आणि तूं इकडे त्यांच्या आसनांवर बसून जेवतेस. कसा उतरतो घास?"

चंद्रमतीचा घास उतरत नव्हता, दोन दिवस उतरला नव्हता. पण ते तिने सांगितलं नाही.

"त्यांची नव्हेत, वैनी," ती म्हणाली. "आमाची आहेत. तिचा धाकटा लेकही असाच नेला. जपान्यांनी, लॉरींत घालून. मी जिन्यांत उभी होतें. तो परत आला नाहीं. ती रोज त्याचा वाडगा मांडायची आणि रोज उचलून ठेवायची. त्याच टेबलाशीं मला बसवून जेवूं घालायची. तें टेबल मी कशी मोडूं?"

जयतीर्थाला बहिणीची बाजू समजत होती की नाही कोण जाणे. त्याचं तोंड दगडासारखं झालं होतं. काहीतरी करायला हवं, इतकंच त्याला कळत होतं. तो दारापाशी गेला आणि त्याने लाल कागदाकडे हात नेला.

"हें तरी काढूं दे," तो म्हणाला. "काय लिहिलंय काय ह्यांत?"

"बाहेर गेलेलं माणूस सुखरूप घरीं येवो," चंद्रमती म्हणाली. "मी बोटीवर चढले तेव्हां आमानें हातांत दिला."

जयतीर्थाचा हात कागदापाशी तसाच राहिला. खाली रस्त्याने मिरवणूक चालली होती, तिच्या घोषणा जिन्यातून वर येत होत्या. वेंकूबाई जिना उतरू लागली. चार पायऱ्या उतरल्यावर ती थांबली आणि वळून न पाहताच बोलली.

"तो कागद राहूं दे. पण मी ह्या घरांत पाय ठेवणार नाहीं."

नोव्हेंबरच्या शेवटाला लढाई थांबली. मिरवणुका थांबल्या. सूर्यनारायणांची महिनाअखेर आली आणि गेली. त्यांनी विषय काढला नाही, चंद्रमतीनेही काढला नाही. भामाने एकदा लोकरीचा उरलेला गुंडा आणून दिला आणि बाहीचे टाके कसे कमी करायचे ते विचारायला म्हणून टेबलाशी बसली. पण राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर चंद्रमतीला बंद झालं. ती दर शुक्रवारी देवळात जाई, तिथे वेंकूबाई खांबाच्या पलीकडच्या बाजूने प्रदक्षिणा घालताना दिसे. दोघी एकाच माणसासाठी आल्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

थंडीतच केव्हातरी कैद्यांची नावं आली, त्यांत कल्याणरामचं नाव होतं. जयतीर्थ ते सांगायला दवाखान्यात आला, वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला, आणि बोलण्याआधीच त्याला रडू कोसळलं. मे महिन्यात त्यांना सोडलं. मग लष्कराच्या चौकशा झाल्या, इस्पितळ झालं, आणि जून उजाडता उजाडता कल्याणराम घरी आला.

गल्लीने त्याला हारात बुडवलं. चंद्रमती गर्दीत मागे उभी राहून त्याला पाहून आली. तिने त्याचा चेहरा पाहण्याआधी चालणं पाहिलं. डावा पाय तो पुढून टेकत नव्हता. बोटं गेली असणार, तिने मनाशी म्हटलं. बूट मोठा आहे, आत कापूस असेल.

आठवड्याने त्याचा निरोप आला, की आत्याकडे येतो. निरोप मिळाल्यावर चंद्रमतीने ट्रंकेतून चादरी काढल्या. टेबलावर एक, बाकावर एक, वर्तुळावर मोठी एक, एवढं झाकलं तर पोराला काही दिसायचं नाही. चादरी हातात घेऊन ती खोलीत उभी राहिली. इतरांनी सांगितलं तेव्हा तिने ऐकलं नव्हतं, आणि आज कुणी सांगितलेलं नव्हतं. या घराने त्याला त्रास होत असेल तर ती सगळं मोडून चुलीत घालायलाही तयार होती. पण झाकून ठेवलेल्या घरात त्याला बोलवायचं, म्हणजे त्याच्याशी खोटं बोलण्यासारखं होतं. तिने चादरींच्या घड्या घातल्या आणि ट्रंक बंद केली.

तो दुपारी आला. दारात क्षणभर थांबला. वर्तुळाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. मग भिंतीला हात लावत आत आला आणि आसनावर बसला. ती काही विचारायच्या आधी त्याने बूट काढला. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, पाय मांडीवर घेतला, फडकं सोडलं. जखम भरली होती. एका कोपऱ्याला अजून ओलावा होता. तिने पाणी उकळलं, कोमट केलं, त्यात मीठ घातलं.

गरम पाण्याची वाफ पाहून कल्याण बोलायला लागला.

"तिकडे गरम पाणी द्यायचे, आत्या. चहा नव्हे, नुसतं पाणी. पहिल्यांदा वाटलं, थट्टा करतात आमची. मग सवय झाली. एक म्हातारा होता स्वयंपाक करणारा. रोज एक डबा पाणी जास्त आणायचा आणि माझा पाय त्यांत धरून बसायचा. बोटं गेलीं, पण पाय त्याच्यामुळें राहिला."

चंद्रमती पाय धूत राहिली.

"आणि आमच्या तुकडीचा नायक माझ्या शेजारीं मेला," तो म्हणाला. "आठ दिवस कण्हत होता. डॉक्टर द्या म्हणून मी ओरडलों, त्यांच्या पायां पडलों. कोणी आलं नाहीं. तेंही तिथेंच, त्याच झोपडींत. म्हातारा आला, पाणी ठेवून खालीं मान घालून गेला." तो थांबला. "घरीं म्हाताऱ्याचं नांव काढलं तर आई उठून जाते. बाहेर नायकाचं सांगितलं तर लोकांना तेवढंच पुन्हां पुन्हां हवं असतं. दोन्हीं खरं आहे, आत्या. दोन्हीं कुठें सांगूं?"

"इथें सांग," चंद्रमती म्हणाली.

त्याने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. कधी म्हाताऱ्याचं, कधी नायकाचं. तिने पाय पुसला, पट्टी बांधली, आणि ती तिथेच जमिनीवर बसून ऐकत राहिली. नायकाच्या घरी कसं जाऊ, हे त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, की पाय भरला की दोघं जाऊ. मग त्याला बोलायचं उरलं नाही. तो बाकावर जरा टेकला, पाय वर घेतले, आणि बघता बघता त्याचं तोंड किंचित उघडं पडलं.

चंद्रमतीने लव्हाळ्याच्या चटया खाली सोडल्या, पाऊल न वाजवता बाहेर आली आणि दार लोटून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. पोस्टमन वर येत होता, त्याला तिने हातानेच खाली थांबवलं. भामाची मुलं चेंडू घेऊन आली, त्यांना परत पाठवलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा वेंकूबाई आली. तिच्या हातात जेवणाचा डबा होता. मुलगा सकाळपासून उपाशी होता आणि तसाच बाहेर पडला होता. जिना चढून तिला धाप लागली होती. चंद्रमतीला वरच्या पायरीवर बसलेली पाहून ती चार पायऱ्या खालीच थांबली.

"निजला?" तिने अगदी हळू विचारलं.

चंद्रमतीने होकाराची मान हलवली.

"आल्यापासून निजला नाहीं तो," वेंकूबाई म्हणाली. "रात्रीं मी जागी असतें, तोही जागा असतो. मी विचारलं तर निजलों म्हणतो."

तिने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. आतून संथ, जड श्वास ऐकू येत होता. वेंकूबाईने डबा भिंतीशी ठेवला, पदराने मान पुसली, आणि उरलेल्या पायऱ्या चढून ती चंद्रमतीच्या शेजारी बसली. जिना अरुंद होता. दोघींचे खांदे लागले. कुणीच सरकलं नाही.

थोड्या वेळाने खालच्या बिऱ्हाडात रेडिओ सुरू झाला. चंद्रमती उठायला लागली, तशी वेंकूबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला बसवलं. मग स्वतः उठली, कठड्यावरून खाली वाकली आणि भामा दिसेपर्यंत तशीच ओठांवर बोट ठेवून उभी राहिली.